‘अन्यथा पात्र’ : महाविद्यालयाच्या दारातील दोन शब्द



आरंभीच एक खुलासा करते. मी हे भाषण कागदावरून वाचणार आहे, आणि त्याचे कारण विस्मरण नव्हे. गेली काही वर्षे माझ्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रे आहेत. कागद हाती असला म्हणजे माझा आवाज कितपत चढला किंवा उतरला याची चिंता मला करावी लागत नाही. आपल्या मंडळाची भाषणे ध्वनिमुद्रित करून पत्रिकेत छापण्याची प्रथा ज्यांनी पाडली, त्यांच्या मनात परगावचे सभासद असतील. मला मात्र ती उपयोगी पडते ती याच सभागृहात, तिसऱ्या रांगेत बसून. कोकणातील आपल्या तेलाच्या घाण्यांविषयीचे मागील भाषण मी येथे बसून ऐकले, आणि दोन महिन्यांनी पत्रिकेत वाचले तेव्हा ते मला कळले.

समितीने मला ‘रुग्णसेवेतील आठवणी’ हा विषय दिला होता. आठवणी पुष्कळ आहेत. पण त्यांतील एक अशी आहे की ती सांगायची तर आधी या देशातील एका कायद्याचा इतिहास सांगावा लागतो. म्हणून आज आठवणी कमी आणि इतिहास अधिक.

१९६७ साली मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी मी अर्ज केला, तेव्हा सोबत शारीरिक पात्रतेचा दाखला जोडावा लागला होता. डॉक्टरांनी उंची, वजन, दृष्टी तपासली. मग माझ्या पाठीमागे उभे राहून हळू आवाजात काही आकडे उच्चारले आणि मी ते म्हणून दाखवले. पाच मिनिटांत दाखला मिळाला. आपल्या समाजात मुलींच्या शिक्षणाचा अभिमान जुना आहे. डॉ. जेरुशा झिराड लंडनहून एम.डी. होऊन आल्या, कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या, आणि त्यांचे उदाहरण आमच्या पिढीतील प्रत्येक मुलीला घरी ऐकवले जाई. स्त्रियांसाठी कोणती दारे कोणी उघडली हे आम्हांस पाठ होते. त्याच दारातून बहिरी, आंधळी किंवा लंगडी मुलगी आत येऊ शकेल काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. मीही विचारला नाही.

१९७५ साली मी या देशात आले. येथे कायदा होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती, पण मी ज्या रुग्णालयात रुजू झाले तेथे तो कोणाच्या बोलण्यात नव्हता. २६ सप्टेंबर १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पुनर्वसन कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यापूर्वी दोन वेळा त्यांनी त्या विषयावरील विधेयक नाकारले होते. खर्च फार होतो, हे कारण. सगळा वाद पैशांचा होता, आणि त्या वादात कायद्याच्या शेवटी असलेल्या एका लांबलचक वाक्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ते कलम ५०४. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यात वर्णभेदाविषयी जे कलम आहे, त्याच्याच साच्यावर ते बेतलेले होते. आशय असा की, जी अपंग व्यक्ती ‘अन्यथा पात्र’ आहे तिला केवळ तिच्या अपंगत्वामुळे केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमातून वगळता येणार नाही. या देशातील बहुतेक महाविद्यालये या ना त्या वाटेने केंद्राचा पैसा घेतात, निदान विद्यार्थ्यांच्या कर्जाच्या आणि अनुदानाच्या रूपाने तरी. म्हणजे एका वाक्याच्या कक्षेत जवळजवळ सर्व महाविद्यालये आली. ‘अन्यथा पात्र’ म्हणजे काय, हे मात्र त्या वाक्यात सांगितलेले नव्हते. माझ्या आठवणीचा सारा गुंता त्या दोन शब्दांत आहे.

कायद्याआधीही अपंग विद्यार्थी विद्यापीठांत होते. इलिनॉय विद्यापीठात टिम न्यूजंट यांनी १९४८ पासूनच चाकांच्या खुर्चीवरील विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम उभा केला होता, आणि त्यात महायुद्धात जखमी झालेले सैनिक होते. पण परिचारिकेच्या नजरेने पाहिले तर बर्कलेची हकीगत मला अधिक विलक्षण वाटते. एड रॉबर्ट्स यांना १९५३ साली, चौदाव्या वर्षी, पोलिओ झाला. मानेखालचे शरीर जवळजवळ सर्व लुळे पडले. रात्री त्यांना लोखंडी फुप्फुसात, म्हणजे आयर्न लंगमध्ये, झोपावे लागे. हे यंत्र आपल्यापैकी ज्यांनी पाहिले असेल त्यांस सांगावयास नको. माणसाचे डोके तेवढे बाहेर, बाकी सारा देह लोखंडी नळकांड्यात, आणि त्यातील हवेचा दाब कमीजास्त होऊन छाती फुगते आणि उतरते. आपल्या भाषेतील ‘श्वास घेणे’ या क्रियापदाचा कर्ता तेथे यंत्र असतो. शाळा त्यांनी दूरध्वनीवरून केली. शाळेने पदवीचा कागद अडवून धरला, कारण व्यायामाचा आणि मोटार चालवण्याचा विषय त्यांनी पुरा केला नव्हता! त्यांच्या आईने भांडून तो मिळवला.

१९६२ साली ते बर्कलेला गेले. राज्याच्या पुनर्वसन खात्याने आरंभी खर्च देण्यास नकार दिला होता, कारण हा मुलगा इतका अपंग आहे की कधी नोकरी करू शकणार नाही, असे त्या खात्याचे मत. वसतिगृहात ते यंत्र ठेवता येईना. तेव्हा विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रून यांनी रुग्णालयातच त्यांची राहण्याची व्यवस्था केली. पुढल्या वर्षी जॉन हेस्लर आले, मग आणखी काही जण, आणि रुग्णालयाचा एक मजलाच वसतिगृह झाला.

येथे मला थांबावेसे वाटते. रुग्णालयात राहणारा माणूस रुग्ण असतो, हे आम्हांला शिकवलेले. त्याने केव्हा जेवावे, केव्हा झोपावे, दिवा केव्हा मालवावा, हे वॉर्ड ठरवतो. कॉवेलमध्ये राहणारी मुले रुग्ण नव्हती. ती विद्यार्थी होती. त्यांना रात्री उशिरा परत यायचे होते, मित्रांना बोलवायचे होते, आपली शुश्रूषा करणारा मदतनीस स्वतः निवडायचा आणि न पटल्यास स्वतः काढायचा होता. ती एकत्र आली, स्वतःला ‘रोलिंग क्वाड्स’ म्हणवू लागली, आणि १९७० साली विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी त्यांनीच चालवलेला कार्यक्रम सुरू झाला. चाकाची खुर्ची दुरुस्त करणे, मदतनीस शोधणे, राहण्याजोगी खोली शोधणे अशी त्याची कामे. १९७२ साली त्यातूनच गावात स्वतंत्र जीवनाचे केंद्र निघाले. आज प्रत्येक महाविद्यालयात अपंग विद्यार्थ्यांचे जे कार्यालय असते, त्याची एक मुळी त्या रुग्णालयाच्या मजल्यावर आहे. १९७५ साली रॉबर्ट्स ज्या पुनर्वसन खात्याने त्यांना नाकारले होते त्याचेच संचालक झाले. अशी गोष्ट नाटकात घातली तर प्रेक्षक हसतील.

आता न्यूयॉर्ककडे. जुडिथ ह्यूमन यांचे आईवडील जर्मनीतून आश्रयास आलेले यहुदी. मुलगी ब्रुकलिनमध्ये वाढली. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला, आणि शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मुख्याध्यापकांनी सांगितले की चाकाची खुर्ची आगीच्या प्रसंगी धोकादायक ठरेल. त्या लाँग आयलंड विद्यापीठातून १९६९ साली पदवीधर झाल्या. शिक्षिकेच्या परवान्यासाठी लेखी परीक्षा उत्तीर्ण, तोंडी परीक्षा उत्तीर्ण, वैद्यकीय तपासणीत अनुत्तीर्ण. कारण काय, तर पोलिओमुळे दोन्ही पाय लुळे. मी आयुष्यभर निदाने लिहिलेली वाचली आहेत, आणि हे निदान बिनचूक आहे. पण निदानाचा उपयोग निकाल म्हणून केलेला आहे, हे ध्यानात यायला मला फार वर्षे लागली. ह्यूमन यांनी १९७० साली दावा लावला. तो न्यायमूर्ती कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांच्यापुढे आला आणि शिक्षण मंडळाने माघार घेतली.

कलम ५०४ अमलात आणायचे तर नियम हवे होते, आणि नियम चार वर्षे निघाले नाहीत. ५ एप्रिल १९७७ रोजी अपंग कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी केंद्र सरकारच्या कार्यालयांत ठिय्या दिला. तो पेसाहचा आठवडा होता. वॉशिंग्टनमधील ठिय्या दुसऱ्याच दिवशी मोडला, कारण आत अन्न जाऊ दिले नाही. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र शंभराहून अधिक माणसे जवळजवळ चार आठवडे इमारतीत राहिली, ह्यूमनही त्यांत होत्या. परिचारिका म्हणून मला या ठिय्याची जी बाजू दिसते ती वर्तमानपत्रांना दिसली नसावी. पाठीवर झोपून राहणाऱ्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. मूत्रनलिका बदलावी लागते. रोजची औषधे लागतात. हे सर्व घरी ठेवून ही माणसे आली होती आणि एकमेकांची शुश्रूषा एकमेक करीत होती. ब्लॅक पँथर पक्षाचे लोक जेवण आणून देत. इमारतीतील दूरध्वनी तोडले गेले, तेव्हा बहिऱ्या कार्यकर्त्यांनी खिडकीतून खूणभाषेने बाहेरच्यांशी संदेशांची देवाणघेवाण केली. ऐकणाऱ्यांचे संपर्काचे साधन बंद पडले आणि न ऐकणाऱ्यांचे चालू राहिले. २८ एप्रिल रोजी मंत्री जोसेफ कॅलिफॅनो यांनी नियमांवर सही केली.

महाविद्यालयांसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण होते. प्रवेशापूर्वी ‘तुम्हांला काही अपंगत्व आहे काय’ असे विचारता येणार नाही. अभ्यासक्रमात आवश्यक तेथे सोयीचे बदल करावे लागतील. बहिऱ्यांना दुभाषी, अंधांना वाचून दाखवणारा किंवा ध्वनिमुद्रित पुस्तके, हे महाविद्यालयाने पाहावे. वैयक्तिक मदतनीस, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र ही मात्र ज्याची त्याने आणावीत.

नियम निघाले आणि दोनच वर्षांत ‘अन्यथा पात्र’ या शब्दांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयासमोर आला. वादी एक परिचारिका होती.

फ्रान्सेस डेव्हिस या उत्तर कॅरोलिनातील बाई १९६७ पासून परवानाधारक प्रॅक्टिकल नर्स होत्या, म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या खालची पायरी. पुढची पायरी चढण्यासाठी त्यांनी व्हाइटव्हिल येथील साउथईस्टर्न कम्युनिटी कॉलेजमध्ये अर्ज केला. मुलाखतीत त्यांना ऐकू येण्यात अडचण दिसली, म्हणून कॉलेजने कानांची तपासणी करून घेण्यास सांगितले. अहवाल असा आला की चांगल्या श्रवणयंत्राने त्यांना आवाज कळतील, पण बोलणे समजण्यासाठी बोलणाऱ्याचा चेहरा दिसावा लागेल. ओठ वाचून त्या चांगल्या प्रकारे समजून घेतात. कॉलेजने राज्याच्या परिचर्या मंडळाच्या संचालिकेचे मत मागवले. शस्त्रक्रियागृहात सर्वांच्या तोंडावर मास्क असतो, अतिदक्षता विभागात पाठमोऱ्या डॉक्टरची सूचना ऐकावी लागते, अशा ठिकाणी ही बाई रुग्णाला सुरक्षित नाही, असे ते मत. प्रवेश नाकारला.

११ जून १९७९ रोजी न्यायालयाने एकमताने कॉलेजच्या बाजूने निकाल दिला. तो न्यायमूर्ती पॉवेल यांनी लिहिला. ‘अन्यथा पात्र’ म्हणजे अपंगत्व असूनही कार्यक्रमाच्या सर्व अटी पुऱ्या करू शकणारी व्यक्ती. कायदा भेदभाव मना करतो, पण अभ्यासक्रमात मोठे फेरफार करण्यास कॉलेजला भाग पाडत नाही. रुग्णांजवळचे शिक्षण वगळून केवळ पुस्तकी विषय शिकवले तर ते परिचारिकेचे शिक्षणच होणार नाही.

या निकालाचे वर्तमानपत्रातील कात्रण आमच्या वॉर्डाच्या चहाच्या खोलीत कोणीतरी लावले होते. वाचून आम्ही सर्वांनी मान डोलावली. मास्कचा मुद्दा आम्हांला इतका बिनतोड वाटला की त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही.

आता माझी गोष्ट. १९८३ साली मी शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डाची चार्ज नर्स होते. जवळच्या एका परिचर्या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी आमच्याकडे अनुभवासाठी येत. त्यांतील एकीच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रे होती. त्या काळी ती मोठी असत, केसांखाली झाकत नसत. दुसऱ्या आठवड्यात एका रुग्णाची जखम बांधत असताना मी मास्क लावलेला होता, आणि मी तिला सलाईन बंद करावयास सांगितले. ती हलली नाही. मी पुन्हा सांगितले, आवाज चढवून. तिसऱ्यांदा मी स्वतः हात पुढे करून ते बंद केले. रुग्णाला काही अपाय झाला नाही, काही मिनिटांचाही फरक पडला नाही. त्या आठवड्याच्या अखेरीस मूल्यमापनाचा कागद माझ्याकडे आला. अर्ध्या पानात मी लिहिले की ही विद्यार्थिनी तोंडी सूचना विश्वासार्हपणे ग्रहण करू शकत नाही आणि रुग्णसुरक्षेच्या दृष्टीने अयोग्य आहे. ‘सुरक्षा’ हा शब्द मी त्या कात्रणातून उचलला होता, हे मला लिहितानाही ठाऊक होते. तिला बोलावून मी काही विचारले नाही. पुढच्या सत्रात ती आली नाही. तिच्या शिक्षिकेकडून कळले की माझा कागद निर्णायक ठरला, आणि त्यांनी माझे आभार मानले.

काय लिहिले नाही ते सांगते. सात नंबरच्या खाटेवरील गृहस्थांच्या ओठांची निळसर छटा त्या मुलीने सर्वांआधी पाहिली होती. ती माणसांच्या तोंडाकडे पाहत असे, आम्ही तक्त्याकडे. दुसरे म्हणजे, मी तिला सूचना दिली तेव्हा माझी पाठ तिच्याकडे होती. आणि तिसरे, ज्याचे मला आज सर्वांत अधिक वैषम्य वाटते, ते असे. १९७५ साली मी या देशात आले तेव्हा माझे मुंबईचे इंग्रजी वॉर्डात अर्ध्या लोकांना कळत नसे. डॉक्टर मला तीन-तीनदा विचारीत. एकदा औषधाचे प्रमाण फोनवरून सांगताना समोरच्या बाईंनी चक्क फोन दुसऱ्याकडे दिला. मी रुग्णसुरक्षेला अयोग्य आहे, असे कोणी लिहिले नाही. माझी तेव्हाची चार्ज नर्स मला एवढेच म्हणाली की, जे महत्त्वाचे असेल ते लिहून दाखवीत जा. मी लिहून दाखवू लागले आणि प्रश्न मिटला. आठ वर्षांनी ती युक्ती मला आठवली नाही.

त्या मुलीचे आडनाव मला आठवते, पहिले नाव आठवत नाही. कागदावर आडनावच लिहीत असत.

निवृत्तीनंतर मी तो निकाल मुळातून वाचला. न्यायालयाने मूर्खपणा केला, असे मी आजही म्हणणार नाही. शस्त्रक्रियागृहातील धोका खरा असतो. पण त्याच निकालाच्या शेवटाकडे जे लिहिले आहे ते आमच्या कात्रणात आले नव्हते. कायदेशीर नकार कोठे संपतो आणि भेदभाव कोठे सुरू होतो ती रेषा नेहमीच स्पष्ट असेल असे नाही, आणि तंत्रविद्येतील प्रगतीने अपंगांपुढील संधी वाढतील, असे पॉवेल यांनी स्वतःच म्हटले होते. शिवाय परिचारिका म्हणजे केवळ शस्त्रक्रियागृह नव्हे. माझ्या कितीतरी सहकारिणींनी प्रसूतिगृहात, शाळांत, घरोघर लसटोचणीत आयुष्य घालवले. मी स्वतः विद्यार्थिदशेनंतर शस्त्रक्रियागृहात पाऊल टाकले नाही, आणि तरीही माझ्या परवान्यावर कोणी आक्षेप घेतला नाही.

नंतरची पावले थोडक्यात सांगते. १९८५ साली त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात वाजवी सोयी कराव्या लागू शकतात, हे अधिक स्पष्ट केले. २६ जुलै १९९० रोजी अपंग नागरिकांचा मोठा कायदा झाला आणि सरकारी पैसा न घेणाऱ्या खासगी संस्थाही त्याखाली आल्या. न्यायालयांनी ‘अपंग’ या शब्दाची व्याख्या आवळत आणली, तेव्हा २००८ साली संसदेने दुरुस्ती करून ती पुन्हा सैल केली.

डेव्हिस यांच्या प्रश्नाला मला समाधानकारक वाटणारे उत्तर २०१३ साली नेब्रास्का राज्यात मिळाले. मायकेल अर्जेन्यी हा कानांनी अधू तरुण ओमाहा येथील क्राइटन विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणास आला. व्याख्यान चालू असताना शब्दन् शब्द पडद्यावर टंकून दाखवणारा लेखनिक, आणि रुग्णांजवळ असताना ओठांनी व खुणांनी बोलणे पोचवणारा दुभाषी, ही त्याची मागणी. विद्यापीठाने ध्वनी वाढवणारे यंत्र देऊ केले. त्याने एक लाख डॉलरहून अधिक कर्ज काढून स्वतःच्या खर्चाने लेखनिक आणि दुभाषी लावले आणि दावा ठोकला. अपील न्यायालयाने म्हटले की विद्यार्थ्याला स्वतःला काय ऐकू येते याविषयीचे त्याचे म्हणणे विचारात घेतलेच पाहिजे, आणि त्याच वर्षी ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला. नर्सिंगच्या कागदावर अर्धे पान लिहिताना मी जो प्रश्न त्या मुलीला विचारला नाही, तो हाच.

मोशे रब्बेनूंची जीभ जड होती, हे आपण दरवर्षी वाचतो. फिरोनपुढे जाण्याच्या कामावर त्यामुळे दुसरा कोणी नेमला गेला नाही. बोलण्यासाठी अहरोनला सोबत दिले गेले. गेल्या हिवाळ्यात हजानसाहेबांनी तो पाराशा समजावून सांगितला तेव्हा मी मनात म्हटले, हा दुभाष्याचा पहिला दाखला.

मुंबईची बातमीही सांगितली पाहिजे. भारतातील २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात अपंगांसाठी निदान पाच टक्के जागा राखून ठेवल्या. तरी वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत वाचादोष चाळीस टक्क्यांहून अधिक असल्यास अपात्र अशी मोजपट्टी होती. महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याला तीच आडवी आली. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण दिल्लीस गेले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने ठरवले की केवळ टक्केवारीवरून अपात्र ठरवता येणार नाही. हा मुलगा अभ्यासक्रम पुरा करू शकेल काय, हे मंडळाने पाहिले पाहिजे. मंडळाने पाहिले, आणि करू शकेल असे म्हटले. त्याला प्रवेश मिळाला.

आता या सभागृहातील आईवडिलांशी दोन शब्द. या देशात बारावीपर्यंत मुलाची अडचण ओळखण्याचे आणि सोय करण्याचे काम शाळेचे असते. त्यासाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. महाविद्यालयाच्या पहिल्या दिवशी ते काम मुलाचे होते. तेथे कोणी येऊन विचारत नाही. विद्यार्थ्याने स्वतः कार्यालयात जावे, डॉक्टरांचा किंवा तज्ज्ञांचा कागद द्यावा, कोणती सोय हवी ते सांगावे. कार्यालय प्राध्यापकांना पत्र देते. त्या पत्रात परीक्षेला दीडपट वेळ द्यावा एवढेच असते, आजाराचे नाव असावे लागत नाही. सत्र संपल्यावर कागद दिला तर मागील गुण सहसा बदलत नाहीत.

आपल्या समाजात या कागदाची भीती आहे. स्थळ बघताना अडचण येईल, लोक काय म्हणतील, आमच्यात असे कोणाला नव्हते. एका कुटुंबातील मुलगा वाचनदोष असूनही हुशार. शाळेत त्याला जास्त वेळ मिळत असे, पण महाविद्यालयात ‘आता नव्याने सुरुवात’ म्हणून आईवडिलांनी कागद कपाटात ठेवला. पहिल्या सत्रात तीन विषय गेले. दुसऱ्या सत्रात त्याची आजी, म्हणजे माझी मैत्रीण, तो कागद घेऊन माझ्याकडे आली. आम्ही दोघी त्याच्याबरोबर कार्यालयापर्यंत गेलो आणि बाहेर बाकावर बसलो, कारण आत त्यानेच बोलायचे असते. तो यंदा पदवीधर झाला. ही गोष्ट सांगण्याची परवानगी मी त्याची घेतली आहे, त्याच्या आईवडिलांची नव्हे.

साथीच्या काळात, २०२० च्या शरद ऋतूत, मी स्वतः एका दवाखान्यात गेले होते. सर्वांच्या तोंडावर मास्क. तरुण परिचारिकेने नव्या गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितले. मला एक अक्षर कळले नाही, आणि चाळीस वर्षे रुग्णांना ‘कळले ना?’ असे विचारणारी मी, मान हलवून ‘हो’ म्हणाले. घरी येऊन डबीवरचे वाचले. दुसऱ्या खेपेस मी पिशवीतून वही काढली आणि तिच्यापुढे धरली. ती जराही न रागावता लिहू लागली, आणि अक्षर सुंदर होते.

प्रश्न असतील तर कृपया पुढे येऊन, माझ्याकडे तोंड करून विचारा. या मेजावर चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवल्या आहेत, त्याही चालतील. चहानंतर मी अर्धा तास येथेच आहे.